दोन जीबीचा पाहुणा

क्लाक्सविकच्या बंदरात, मासळीच्या कारखान्याला पाठ लावून
मालानची विणकामाची खोली आहे. मी तिथे बाह्या जोडते.
यंत्र सत्त्याण्णव सालचं. चालतं छान.
फक्त नक्षी घेतं ते एकाच प्रोग्रामच्या तोंडून,
आणि तो प्रोग्राम राहायचा एकाच संगणकात,
जो मंगळवारी जळाला.
लोकरीसारखा नाही वास आला, मालान म्हणाली,
लोकर जळताना खरं बोलते.

भाचा हेयिन आला समुद्राखालच्या बोगद्यातून,
नव्या लॅपटॉपसकट.
म्हणाला, ह्याच्या पोटात तो जुना बसवू.
पोटात?
मालानने अडलेल्या मेंढ्यांची जुळी काढलीयेत, कोपरापर्यंत हात घालून.
तिला पोट म्हटलं की पोटच दिसतं.

पडद्यावर प्रश्न आला: पाहुण्याला मेमरी किती?
आठातली दोन दे, हेयिन म्हणाला, खूप झाली,
त्याच्या काळात एवढी कुणी पाहिली नव्हती.
माहेरी आलेल्या लेकीसारखा पाय पसरून बसेल.
(हे शेवटचं मी म्हटलं. त्यांच्याकडे लेकी
माहेरी येत नाहीत, त्या कोपनहेगनला जातात.)

आणि उठला तो.
एका चौकटीत, आपली सगळी दुनिया घेऊन.
आधी फ्लॉपी शोधली. मिळाली नाही. पुढे गेला.
मग हिरव्या टेकडीचं ते चित्र.
मालानने खिडकीबाहेर पाहिलं: तीच टेकडी,
वर धुकं आणि सदतीस मेंढ्या.

त्याची अख्खी सी ड्राइव्ह
म्हणजे आमच्याकडची एक फाइल.
चिमटीत धरून पेनड्राइव्हवर टाकावी इतकीच.
त्याला हे माहीत नाही.
त्याला वाटतं, आपल्या पायाखाली लोखंड आहे.
मी हळू आवाजात बोलू लागले, उगाच.

अडलं ते केबलपाशी.
केबल एकच. यजमानाने धरलेली असेल तोवर
पाहुण्याला ती दिसतच नाही.
यादीत जाऊन यजमानाला सांगावं लागतं, सोड.
माझ्या भाषेत यजमान म्हणजे नवरासुद्धा,
मी मालानला सांगितलं.
ती इतकी हसली की चष्मा काढून ठेवावा लागला.
चौदा वर्षं, म्हणाली, चौदा वर्षं मी हेच सांगत होते.

टिचकी.
यंत्र घरघरलं, सुयांची रांग थरथरली,
आणि पहिली ओळ उतरली, करडी, पांढरी, करडी.

आता मालान जेवायला जाताना त्याला थांबवते.
परत आली की तो अर्ध्या वाक्यातून पुढे सुरू,
घड्याळ पाऊण तास मागे,
मधे काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने.
हे मला हवं होतं, ती म्हणते,
आणि कधी हवं होतं ते सांगत नाही.

शुक्रवारी तिच्या हातून नक्षीचा एक घर सरकला.
अकरा सेंटिमीटर विणून झाल्यावर दिसलं.
स्नॅपशॉट होता. हेयिनने फोनवरून सांगितलं,
सकाळी नऊच्या क्षणावर मागे जा.
गेली. पाहुणा ताजातवाना, चूक कधी झालीच नव्हती,
नक्षी जागच्या जागी.

आणि यंत्राला लटकलेली ती बाही?
ती काही नऊ वाजता गेली नाही.

मग आम्ही दोघी बसलो दिव्याखाली
उसवत, एकेक टाका,
बंदरात बोट लागली, निघून गेली.
धागा निघत होता तो सरळ नव्हता.
प्रत्येक टाक्याचं वळण अंगात धरून बसलेला,
कुरळा, हट्टी.
वाफेवर धरला तर सुटेल, मी म्हटलं.
राहू दे, मालान म्हणाली,
आणि गुंडा करून टोपलीत टाकला,
वेगळा.